जॅमर नको, आधी मशीनचं दार उघडा

प्रति,
मा. गेमिंग कमिशनर,
गोवा शासन, पणजी

स.न.वि.वि.

कॅसिनोतल्या मशीनना बिनतारी उपकरणाने फसवता येतं का, या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असंच आहे. त्यावरचा इलाज म्हणून बहुतेकांच्या डोक्यात पहिल्यांदा जॅमर येतो आणि तिथेच वाट चुकते. आम्ही काही जण स्लॉट मशीनची देखभाल करणारे, तर काही इलेक्ट्रॉनिक उपकरणांची रेडिओ-चाचणी करणारे आहोत. परवान्याच्या अटींत आणि तपासणीच्या पद्धतीत नेमकं काय असावं, एवढ्यापुरतंच हे पत्र.

विषय गोव्यासाठी किरकोळ नाही. १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ साली दुरुस्ती झाली तेव्हा पंचतारांकित हॉटेलांना परवानगी मिळाली ती इलेक्ट्रॉनिक खेळांची. पत्त्यांची आणि रूलेटची खरी टेबलं बोटींवर. म्हणजे किनाऱ्यावरच्या कॅसिनोत पैसे मोजणारा, पत्ता काढणारा आणि जिंकलं-हरलं ठरवणारा एकच, सर्किट बोर्ड. त्यात ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी लागतो तो पाहुणा चिपा किंवा क्रेडिट विकत घेतो त्या रकमेवर, अर्थात काउंटरवरच. मशीनच्या पोटातले, पैशांचा हिशेब मोजणारे मीटर खरं बोलतात की नाही, याची करखात्याला त्यामुळे फारशी निकड राहत नाही. ती निकड आपल्याच खुर्चीला वाटायला हवी.

जॅमरचं आधी उरकून टाकू. खासगी आस्थापनेला तो लावता येत नाही. दूरसंचार विभागाने जानेवारी २०२२ मध्ये हे पुन्हा बजावलं आहे. लावला तर पणजी-बेती फेरीबोटीतल्या माणसाचा फोन बंद पडेल, आणि ज्याला अडवायचं त्याचं काहीच अडणार नाही, कारण मशीनवर मारा करणारं उपकरण मोबाइल नेटवर्क वापरतच नाही. उलट जॅमर ही स्वतःच जवळून येणारी दमदार लाट. तिनेच नोटा ओळखणारं युनिट बावचळायचं.

मारा होतो तो तारांवर. हे जरा सविस्तर लिहितो, कारण निम्मं दुखणं इथेच आहे.

स्वस्त मशीनमध्ये, विशेषतः पडद्यावरचे मासे मारण्याच्या टेबल-गेममध्ये, नोट किंवा नाणं घेणारं युनिट मेनबोर्डकडे एका साध्या तारेवरून ठोके पाठवतं. एक ठोका म्हणजे एक क्रेडिट. ती तार एरवी एका रेझिस्टरने ५ किंवा १२ व्होल्टला टांगलेली असते; ठोका म्हणजे ती क्षणभर शून्याला खेचली जाणं. आता ही तार ६० सेंटिमीटर लांब, कॅबिनेटच्या एका कडेने सैल सोडलेली, आणि परतीची तार दुसऱ्याच कडेने गेलेली. दोन्ही मिळून तारेचा मोठा फास होतो, म्हणजे आयती अँटेना. जवळ ठिणगीसारखी जोरदार लहर उठली की या फासात व्होल्टेज उपजतं आणि मेनबोर्डला वाटतं, पैसे आले.

खरा ठोका साधारण ३० ते १०० मिलिसेकंद टिकतो. हवेतून उपजलेला ठोका मायक्रोसेकंदांचा. हजार पटींहून अधिक फरक असूनही मशीन फसतं, कारण प्रोग्राम लिहिणाऱ्याने तार खाली गेली की लगेच क्रेडिट वाढवलेलं असतं, ती किती वेळ खाली राहिली हे पाहिलेलंच नसतं. इलाज काही रुपयांचा आहे. तारेच्या तोंडाशी १० किलो-ओहमचा रेझिस्टर आणि १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला की सुमारे १ मिलिसेकंदाची गाळणी होते. तिच्या मागे ऑप्टोकप्लर, म्हणजे विजेची थेट जोडणी तोडून ठोका प्रकाशाने पुढे देणारा भाग. आणि प्रोग्राममध्ये अट : २० मिलिसेकंदांहून लहान किंवा १५० हून लांब ठोका नाकारायचा, दोन ठोक्यांत ठरावीक अंतर नसेल तरी नाकारायचा. नाकारलेले ठोके मोजून त्यांचा वेगळा मीटर ठेवायचा, हे मात्र सगळे विसरतात. चांगल्या मशीनवर हल्ला झाला तर क्रेडिट हलत नाही, त्यामुळे कोणाला काही कळतही नाही. हल्ला झाल्याची एकमेव खूण म्हणजे हा नाकारलेल्यांचा आकडा. महिनाभर शून्य असलेला आकडा शनिवारी रात्री चाळीसवर गेला, तर त्या तासाचं सीसीटीव्ही बघायलाच हवं.

आमच्या मते परवान्यात याहून पुढे जाऊन ठोक्यांवर चालणारी जोडणी सरळ बंद करावी. नोट घेणारं युनिट आणि बोर्ड यांच्यात पूर्ण संदेश जावा, तपास-अंकासह, म्हणजे संदेश वाटेत बिघडला तर कळेल अशा आकड्यासह. तपास-अंकांतही डावं-उजवं असतं. ८ बिटांची साधी बेरीज असेल तर गोंगाटातून तयार झालेला दर २५६ पैकी एक चुकीचा संदेश तिच्यातून सुटू शकतो; १६ बिटांच्या सीआरसी या अधिक कडक तपास-अंकाला हेच प्रमाण ६५,५३६ मध्ये एक. पण सीआरसी गोंगाट ओळखतो, लबाडी ओळखत नाही. हिशेब कोणालाही करता येतो. म्हणून युनिट आणि बोर्ड यांच्या बोलण्याच्या सीसीटॉकसारख्या पद्धतीत एन्क्रिप्शनची सोय असेल तर ती चालू केलेली असावी. मशीन आलं तेव्हा ती होती आणि पुढे दुरुस्तीत युनिट बदलताना ‘चालत नाही’ म्हणून कोणी बंद केली, असंही होऊ शकतं. प्रत्येक बदलीनंतर हे तपासायला हवं.

लाट किती जोरदार लागते? इथे विनोद असा, की सर्वांत जवळचा नमुना सुरक्षारक्षकाच्या पट्ट्यालाच लटकलेला असतो. ५ वॉटचा वॉकीटॉकी १ मीटरवर दर मीटरला साधारण १५ व्होल्ट आणि ३० सेंटिमीटरवर ५० व्होल्टच्या आसपास क्षेत्र तयार करतो. बाजारात चालणाऱ्या पुष्कळशा इलेक्ट्रॉनिक मालाची चाचणी मीटरला ३ किंवा १० व्होल्टपर्यंतच झालेली असते. रेडिओ लाटेच्या चाचणीच्या आयईसी ६१०००-४-३ या मानकाची चौथी पातळीही ३० व्होल्टवर थांबते. तेव्हा ‘सर्टिफिकेट आहे’ एवढं उत्तर पुरेसं धरू नये. कुठल्या पातळीचं, कुठल्या फ्रिक्वेन्सीपर्यंत, आणि दार बंद ठेवून की उघडं ठेवून, हे विचारावं. आमची सूचना अशी, की प्रत्येक मॉडेलचा एक नमुना ८० मेगाहर्ट्झ ते ६ गिगाहर्ट्झपर्यंत मीटरला ३० व्होल्टला तपासावा, आणि नेहमीच्या चढउताराच्या लाटेबरोबर तुटक, ठोकेबाज लाटही द्यावी, कारण फसवणारी उपकरणं तशीच असतात. मुंबईची समीर आणि पुण्याची एआरएआय या संस्थांकडे अशा चाचण्यांच्या सोयी आहेत. स्थिर विजेच्या चाचणीलाही हेच लागू. त्या चाचणीच्या मानकातली चौथी पातळी हवेतून १५ किलोव्होल्टची आहे. एसीने कोरड्या पडलेल्या हॉलमध्ये नायलॉनच्या गालिच्यावरून चालत आलेला माणूस जवळपास तितका भार सहज घेऊन येतो.

निकालाची व्याख्या मात्र आधी ठरवा. मशीन मध्येच थांबलं, पडदा काळा झाला, दिवा लावून माणूस बोलवावा लागला, तर चालेल. क्रेडिट, मीटर किंवा निकाल यांतला एकही आकडा हलला तर मशीन नापास.

आता कॅबिनेटची धातूची पेटी. संपूर्ण कॅबिनेट लाटबंद करण्याच्या नादाला लागू नये; समोर पाऊण मीटरचा पडदा असताना ते होत नाही. आतला लॉजिक बॉक्स घट्ट करावा आणि त्यात शिरणारी प्रत्येक तार तोंडाशीच गाळावी. १ गिगाहर्ट्झला दीड सेंटिमीटरहून लांब फट राहू देऊ नये. फटीची रुंदी कमी असली म्हणून बिघडत नाही असं वाटतं, पण लाट लांबी बघते. शील्ड असलेल्या केबलची जाळी चहूबाजूंनी धातूच्या कॉलरमध्ये दाबलेली हवी. तंत्रज्ञ ती पिळून तिची ५ सेंटिमीटरची शेपटी करतात आणि स्क्रूखाली आवळतात. मीटर लावला की शून्य ओहम दाखवतो, सगळे खूश. तीच शेपटी ४३३ मेगाहर्ट्झला सुमारे १३५ ओहम होते. म्हणजे शील्ड असून नसल्यासारखी. लाट अडवणाऱ्या फेराइटच्या कड्यातून केबलचे तीन वेढे घेतले तर साधारण नऊपट अडथळा मिळतो, पण कडं कनेक्टरला चिकटून हवं. मधेच टांगलेलं कडं नुसतंच शोभेचं.

मांडवीवरच्या बोटींत आणखी एक अडचण. दार आणि कॅबिनेट यांना जोडणारी तांब्याची वेणी खाऱ्या हवेत बिजागरीपाशी हिरवी पडते, पावडर-कोटिंगवरच आवळलेली असेल तर पहिल्या दिवसापासूनच लागलेली नसते. कोटिंग खरवडून, कल्हई केलेली वेणी, दातेरी वॉशर, आणि जोडाचा अवरोध ०.१ ओहमच्या आत. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, वर्षातून दोनदा मोजावा आणि आकडा मशीनच्या वहीत लिहावा. नुसतं ‘ओके’ लिहिलेलं चालवून घेऊ नये.

लाटेने क्रेडिट वाढलं नाही तरी मशीन रिसेट होऊ शकतं, आणि रिसेट नेमका पाहुण्याच्या रकमेचं तिकीट छापताना झाला तर? छापून झालं, क्रेडिट वजा व्हायचं राहिलं, मशीन पुन्हा उठलं आणि तीच रक्कम पुन्हा पडद्यावर. हे टाळायला प्रत्येक पायरी आधी कायमच्या मेमरीत लिहायची आणि मगच पुढची पायरी करायची. तपासणीत छपाईच्या वेगवेगळ्या क्षणी किमान २० वेळा वीज तोडून पाहावी. तिकिटाचा क्रमांकही मशीनने स्वतः बनवू नये, मध्यवर्ती सिस्टिमने द्यावा. मग तिकीट दोनदा छापलं गेलं तरी पैसे एकदाच सुटतात. मशीन आणि सिस्टिम यांच्यातली सास ही जुनी, १९,२०० बॉडची भाषा अजून सर्वत्र चालते. तिच्यात सीआरसी आहे, पण बोलणारा खरा कोण हे विचारण्याची सोय मुळात नव्हती. ती तार कुलूपबंद पन्हाळीतूनच जायला हवी आणि तिच्यात कुठेही वायफायचा सांधा नको.

आतल्या माणसाच्या मदतीने होणारी फसवणूक तर याहून सोपी. क्रेडिट भरायच्या किल्लीच्या स्विचला समांतर एक छोटा रिसिव्हर जोडला, की खिशातल्या रिमोटने किल्ली फिरवल्यासारखं होतं. असे रिसिव्हर गॅरेजच्या शटरसाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर उघड मिळतात, आणि ते विकणं गुन्हा नाही. विजेच्या मापात तो दिसत नाही, काही मिलिअँपिअरच तर घेतो. दिसतो तो डोळ्यांना. मशीन स्वीकारताना आतल्या सगळ्या तारांचे, प्रत्येक कनेक्टर ओळखू येईल असे फोटो काढून ते आपल्या कार्यालयात जमा करून घ्या. तपासणीला येणाऱ्या माणसाने दार उघडून फोटो आणि तार जुळवायची, बस. लॉजिक बॉक्सला क्रमांकाचं सील. वीज बंद असतानाही दार उघडल्याची नोंद ठेवणारी बॅटरीवरची यंत्रणा. आणि दार उघडताना तंत्रज्ञासोबत निगराणी विभागाचा माणूस.

तपासणाऱ्यांनाही हाच नियम हवा. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या गेमिंग कंट्रोल बोर्डात रोनाल्ड हॅरिस नावाचा इंजिनिअर होता. नव्वदच्या दशकात त्याने, मशीनमधला प्रोग्राम तपासण्याचं जे उपकरण होतं त्यातच बदल करून मशीन बिघडवली होती. तपासनीस निष्ठेने तपासत होते, आणि तपासता तपासता लबाडी आत भरत होते. आपल्या तपासणी-संचाची हॅश, म्हणजे त्यातल्या प्रोग्रामचा डिजिटल ठसा, प्रत्येक दौऱ्याआधी दुसऱ्याच अधिकाऱ्याने ताडून पाहावी.

कधी मशीनला कोणी हातही लावत नाही. २०१४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसजवळच्या कॅसिनोंत पकडलेली रशियन टोळी फोनवर सुमारे दोन डझन फेऱ्या चित्रित करून सेंट पीटर्सबर्गला पाठवत होती. तिथे अॅरिस्टोक्रॅट कंपनीच्या जुन्या मार्क ६ कॅबिनेटमधल्या यादृच्छिक आकड्यांचा क्रम ओळखला जाई, आणि बटण दाबायच्या पाव सेकंद आधी फोन थरथरे. रशियाने २००९ साली बहुतेक सगळे कॅसिनो बंद केले तेव्हा मशीन भंगाराच्या भावात विकली गेली होती. उघडून अभ्यास करायला ती हाती आली. आपल्याकडे सेकंडहँड मशीन आयात होतं तेव्हा हाच प्रश्न विचारावा : आकडे काढणाऱ्या भागाची आवृत्ती कुठली, आकड्यांच्या क्रमाची सुरुवात हार्डवेअरच्या गोंगाटातून पुन्हा पुन्हा नव्याने होते का, आणि प्रमाणपत्रावरची आवृत्ती व चिपमधली आवृत्ती एकच आहे का. बटण दाबणं आणि आकडा उचलणं यांच्यात शून्य ते ३०० मिलिसेकंदांचा अनिश्चित विलंब घातला तरी बाहेरून आलेली वेळ निकामी होते. पाहुण्यांचे फोन काढून घेणं शक्य नाही, तसं करूही नये. बटणावर बोट अधांतरी धरून बसणारा आणि मग एकदम झपकन दाबणारा माणूस मात्र कॅमेऱ्यातून ओळखू येतो.

घरच्याच बिनतारी वस्तूंबद्दल थोडक्यात. फोनवरून पैसे भरण्यासाठी मशीनला ब्लूटूथचा वाचक बसवतात. तो सास तारेच्या बोर्डावर नको. पत्ते पिसणाऱ्या डेकमेट २ मशीनचं उघडं यूएसबी पोर्ट वापरून आतला कॅमेरा ब्लूटूथने फोनवर पत्त्यांचा क्रम सांगू शकतो, हे २०२३ साली लास वेगासच्या ब्लॅक हॅट या संगणक-सुरक्षा परिषदेत संशोधकांनी दाखवून दिलं. बोटींवर टेबलं आहेत, तेव्हा असं मशीन असेल तिथे पोर्टला कुलूप हवंच.

आता पाळत. रेडिओ लहरी ऐकणारे रिसिव्हर जरूर ठेवावेत. ऐकायचं ते लाटेची ताकद आणि वेळ, कोणाचं बोलणं नव्हे. सगळी पट्टी झाडत जाणारा अॅनालायझर कामाचा नाही. त्याची एक फेरी एका सेकंदाची असेल आणि लाट १०० मिलिसेकंदांची, तर बहुतेक वेळा चुकामूक होते. ३१५, ४३३ आणि ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ यांवर एकेक रिसिव्हर कायम बसलेला हवा. आधी प्रत्येक डेकवर सात दिवस नुसती नोंद घ्या, म्हणजे नेहमीचा गोंगाट कळेल. बोटीचा सांगाडा पोलादी, लाट भिंतींवरून उसळ्या मारते; त्यामुळे ‘लाट त्या टेबलावरून आली’ असं दिशादर्शक अँटेनाने सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. तीन-चार रिसिव्हरांतली ताकद ताडून फार तर हॉलचा कोपरा कळेल.

आणि ४३३ वर एक ठिपका दिसला म्हणून कोणाला बाजूला घेऊ नये. कितीतरी गाड्यांच्या किल्ल्या याच फ्रिक्वेन्सीवर बोलतात. पाहुण्याने खिशात हात घातला तरी ठिपका उमटतो. लाट, नाकारलेला ठोका किंवा क्रेडिट, आणि त्याच मशीनसमोरचा तोच माणूस, असं तिन्ही मिळून किमान तीनदा जुळलं तरच पुढची पायरी. खरोखर जिंकलेल्या माणसाला तासभर खोलीत बसवून ठेवणं हाही अन्यायच.

हे जुळवायचं तर घड्याळं एक हवीत. सीसीटीव्ही चार मिनिटं पुढे, मशीन दोन मिनिटं मागे, असं असेल तर सगळी यंत्रणा वाया. मशीनची सिस्टिम, कॅमेरे आणि रिसिव्हर घड्याळं जुळवणाऱ्या एकाच एनटीपी सर्व्हरवर, फरक एका सेकंदाच्या आत, आणि तो रोज तपासल्याची नोंद. प्रकरण पोलिसांकडे गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅशही नोंदवावी लागते. नोंदी पेनड्राइव्हवर उतरवल्यावर आठवड्याने काढलेली हॅश वकील पहिल्या पाच मिनिटांत उडवून लावेल. उतरवतानाच, साक्षीदारासमोर, एसएचए-२५६ पद्धतीची हॅश काढावी. संशयित मशीन बंद करून त्याचं आवरण काढू नये, मेमरी साफ तर मुळीच करू नये; तसंच सील करून वेर्ण्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे द्यावं. मशीन लवकर चालू व्हावं म्हणून मेमरी साफ करण्याची घाई कॅसिनोतल्या तंत्रज्ञाला नेहमीच असते. परवान्याच्या अटीत हे स्पष्ट मना केलं तर त्यालाही ‘साहेबांचा हुकूम आहे’ म्हणायला आधार मिळेल.

कायद्याबाबत एकच विनंती. नेवाडाने १९८५ सालीच खेळात मदत करणारं उपकरण वापरणं आणि त्या हेतूने जवळ बाळगणं हा स्वतंत्र गुन्हा केला. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, पण त्यात फसवणूक घडल्याचं सिद्ध करावं लागतं. तशी तरतूद गोव्याच्या कायद्यात यावी, अशी शिफारस आपण शासनाला करावी.

सुरुवात मात्र नव्या कायद्याची वाट न पाहता करता येईल, आणि फुकट. सकाळी पाहुणे नसताना, जमलं तर महिन्याभरात, प्रत्येक कॅसिनोतल्या सर्वांत जुन्या दहा मशीनपाशी सुरक्षारक्षकाचा परवानाधारक वॉकीटॉकी न्यावा. मशीन खेळातून काढलेलं, पण चालू. नोट घेण्याच्या तोंडापाशी, प्रिंटरपाशी, बटणांपाशी आणि कार्डाच्या खाचेपाशी ३० सेंटिमीटरवर धरून प्रत्येक ठिकाणी दहा वेळा, एकेक सेकंद, बोलायचं बटण दाबावं. आधी आणि नंतर सर्व मीटरांचा फोटो घ्यावा. मग दार उघडून हेच पुन्हा करावं. ज्या मशीनचा एक जरी आकडा हलला, त्याची तार त्याच दिवशी बघायला हवी.

आपले,
स्लॉट मशीनचे देखभाल तंत्रज्ञ आणि रेडिओ-चाचणी करणारे काही जण